लँकेस्टरची निळी पाटी आणि गव्हर्नर थॉमस मिफ्लिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाकडची मराठी मंडळी भारतातून आलेल्या आईबाबांना जुन्या पद्धतीने राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेतं दाखवायला लँकेस्टरला नेतात. घोड्याची बग्गी झाली, जेवण झालं की गावात एक चक्कर होते आणि साउथ ड्यूक स्ट्रीटवर एका जुन्या विटांच्या चर्चबाहेर निळी पाटी दिसते. मग पाटीचा फोटो येतो आणि खाली प्रश्न येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायचं टाळलं आहे, त्यासाठी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. पाटी नेमकी कुठे आहे आणि तिच्यावर काय लिहिलं आहे?

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर शहरात, होली ट्रिनिटी ल्यूथरन चर्चच्या बाहेर. शहराचा मधला चौक म्हणजे पेन स्क्वेअर, तिथून चालत पाच मिनिटं. निळ्या रंगावर सोनेरी अक्षरं आहेत. मजकुराचा सारांश असा: चर्चची स्थापना १७३० ची, मूळ इमारतीत १७६२ मध्ये मूळ रहिवाशांशी झालेल्या तहाची एक बैठक झाली, आताची इमारत १७६६ मध्ये अर्पण झाली, थॉमस वॉर्टन (१७७८) आणि गव्हर्नर थॉमस मिफ्लिन (१८००) यांचे अवशेष इथे पुरले आहेत.

२. हा थॉमस मिफ्लिन कोण?

पेनसिल्व्हेनियाचा पहिला गव्हर्नर. जन्म १० जानेवारी १७४४, फिलाडेल्फियातल्या सुखवस्तू क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) व्यापारी घरात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला जॉर्ज वॉशिंग्टनचा सहायक अधिकारी, मग सैन्याचा पहिला रसदप्रमुख. १७८३ मध्ये अमेरिकी काँग्रेसचा अध्यक्ष. १७८७ च्या संघराज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक. २१ डिसेंबर १७९० ते १७ डिसेंबर १७९९ अशी सलग नऊ वर्षं गव्हर्नर, आणि पद सोडून पाच आठवडे होतात न होतात तोच, २० जानेवारी १८०० ला, लँकेस्टरमध्ये मृत्यू. एवढं सगळं करून डोक्यावर कर्ज ठेवून गेला. ती गोष्ट प्रश्न ९ मध्ये आहे.

३. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल का?

नाही. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा राज्यपाल श्रीप्रकाश होते आणि कारभार मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हाती होता. अमेरिकेतल्या राज्यात ही दोन पदं वेगळी नाहीत. गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि सरकार तोच चालवतो.

पेनसिल्व्हेनियात ही पद्धत १७९० च्या राज्यघटनेने आली. मुदत तीन वर्षांची, आणि बारा वर्षांत नऊपेक्षा जास्त वर्षं पदावर राहायची मनाई. मिफ्लिनने ती नऊची नऊ वर्षं वापरली. विधिमंडळाचा कायदा परत पाठवायचा अधिकार होता, नेमणुकाही गव्हर्नरच करायचा, आणि त्या काळात नेमणुका हातात असणं ही मोठी ताकद होती.

४. ही पाटी मिफ्लिनची की चर्चची? पहिल्या गव्हर्नरला एकच ओळ का?

पाटी चर्चची आहे. मिफ्लिन शेवटच्या वाक्यात येतो, तोही अर्ध्या वाक्यात. वाचणाऱ्याला हे खटकतं आणि खटकायलाच हवं: घटनेवर सही केलेल्या माणसाबद्दल तिथे फक्त तो कुठे पुरला आहे एवढंच कळतं. पण अशा पाटीचं काम जागा दाखवायचं असतं. उभ्याउभ्या वाचून संपेल एवढाच मजकूर तिच्यावर मावतो, आणि ही जागा आधी चर्चची आहे. माझं मत विचाराल तर मिफ्लिनच्या बाबतीत ही अर्धी ओळ बरीचशी प्रामाणिक आहे. लँकेस्टरशी त्याचा संबंध मुख्यतः आयुष्याच्या अगदी शेवटी आला.

५. अशा निळ्या पाट्या लावतं कोण?

पेनसिल्व्हेनिया हिस्टॉरिकल अँड म्युझियम कमिशन, म्हणजे राज्य सरकारचा इतिहास आणि संग्रहालय आयोग. ही योजना १९४६ मध्ये सुरू झाली आणि आज राज्यभर अशा अडीच हजारांच्या आसपास पाट्या आहेत. त्याआधी, १९१४ पासून, जुना इतिहास आयोग दगडांवर आणि भिंतींवर ब्राँझचे फलक बसवत असे. ते दिसायला देखणे होते, पण मोटारीतून जाणाऱ्याला वाचता येत नसत. लोक गाड्या घेऊन हिंडू लागले तसा रस्त्यालगत खांबावर, ठळक अक्षरांतला फलक आला. वर राज्यचिन्ह, खाली मथळा आणि मोजका मजकूर.

६. काही पाट्या मोठ्या, काही लहान का? आणि गावाच्या वेशीवरच्या निळ्या-पिवळ्या पाट्या याच का?

मोठी पाटी हमरस्त्यालगतची, लहान पाटी शहरातली. शहरात माणूस पायी असतो, जवळ जाऊन वाचतो.

वेशीवरच्या पाट्या वेगळ्या. त्यांचा आकार कमानीच्या मधल्या दगडासारखा असतो (पेनसिल्व्हेनियाचं ते लाडकं चिन्ह) आणि त्यांच्यावर गावाचं नाव, स्थापनेचं साल असा मजकूर असतो. त्या राज्याच्या महामार्ग खात्याने बसवल्या होत्या, इतिहास आयोगाने नाही. रंग मिळताजुळता असल्याने गल्लत होते.

७. पहिला गव्हर्नर मिफ्लिन, तर मग वॉर्टन कोण? आणि त्याआधी तर विल्यम पेन होता ना?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि प्रश्न रास्त आहे.

१७७६ पर्यंत पेनसिल्व्हेनिया ही वसाहत होती. ती १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाने विल्यम पेनला दिली. तेव्हाचे गव्हर्नर पेन घराण्यातले किंवा त्यांनी नेमलेले. लोकांनी निवडलेला राज्याचा गव्हर्नर या हिशेबात त्यांची गणना होत नाही.

१७७६ मध्ये नवं राज्य झालं आणि त्याने जी घटना केली तिच्यात गव्हर्नर हे पदच नव्हतं. राजाचा अनुभव ताजा असलेल्या लोकांना एका माणसाच्या हाती कारभार द्यायचा नव्हता. म्हणून कार्यकारी परिषद केली आणि तिला एक अध्यक्ष दिला. मार्च १७७७ मध्ये त्या परिषदेचा पहिला अध्यक्ष झाला थॉमस वॉर्टन. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्रजांनी फिलाडेल्फिया घेतलं, राज्य सरकार लँकेस्टरला हललं, आणि मे १७७८ मध्ये वॉर्टन तिथेच वारला. त्याच्यानंतरच्या अध्यक्षांत बेंजामिन फ्रँकलिनचंही नाव आहे. शेवटचा अध्यक्ष मिफ्लिन. १७९० ची घटना आली, परिषद गेली, आणि तोच माणूस नव्या पदावर निवडून आला.

तर राज्याचा पहिला प्रमुख वॉर्टन आणि पहिला गव्हर्नर मिफ्लिन. दोघं एकाच चर्चमध्ये. पाटीवर मिफ्लिनच्या नावाआधी ‘गव्हर्नर’ आहे आणि वॉर्टनच्या नावाआधी काहीच नाही, त्याचं कारण हेच. तरी ‘परिषदेचा अध्यक्ष’ एवढे दोन शब्द घातले असते तर वॉर्टन कोण हे लोकांना विचारत बसावं लागलं नसतं.

८. नावांपुढच्या कंसातली सालं कसली?

मृत्यूची. १८०० साल पाहून तो त्या वर्षी गव्हर्नर होता असं समजू नका. तारखा प्रश्न २ मध्ये आहेत.

९. त्याच्या दफनाचा खर्च सरकारने केला हे खरं का?

खरं आहे. मिफ्लिन जन्माने श्रीमंत, बोलायला गोड आणि हाताने सढळ. त्याचं राहणीमान, पाहुणचार, पिणं यांच्या कथा त्याच्या हयातीतच पसरल्या होत्या. बायको सारा १७९० मध्ये गेली. गव्हर्नरपदाच्या उत्तरार्धात प्रकृती आणि हिशेब दोन्ही हाताबाहेर गेले. रोजच्या कारभाराचा मोठा भार राज्याचा सचिव अलेक्झांडर डॅलस उचलत होता, असं इतिहासकार सांगतात आणि त्यात तथ्य दिसतं.

१७९९ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. नऊ वर्षांची मुदत संपत आली आणि राज्याची राजधानी फिलाडेल्फियाहून लँकेस्टरला आली. पश्चिमेकडे वस्ती वाढत होती, राजधानी एका टोकाला नको होती. पिवळ्या तापाच्या साथींनी फिलाडेल्फियाचं नावही खराब केलं होतं. पद सुटताच मिफ्लिन राज्याच्या विधानसभेचा सदस्य म्हणून लँकेस्टरला आला. फिलाडेल्फियात कर्ज वसूल करायला लोक दारात उभे होते, त्यांच्यापासून दूर जाण्याचीही ही सोय होती. तिथे महिन्याभरातच तो गेला. मागे दफनापुरतेही पैसे नव्हते, म्हणून राज्याने खर्च उचलला.

सरकारी तिजोरीतून झालेलं म्हणून ते शाही दफन होतं असं काही जण समजतात. तसं नव्हतं, ती गरज होती.

१०. क्वेकर घरातला माणूस ल्यूथरन चर्चमध्ये कसा?

क्वेकर पंथाला शस्त्र मान्य नाही. मिफ्लिनने १७७५ मध्ये सैन्यात पद घेतलं आणि पंथाने त्याला बाहेर काढलं. लँकेस्टर जर्मन वस्तीचं गाव, ट्रिनिटी हे तिथलं ठळक चर्च, आणि क्वेकर घराण्यातच जन्मलेल्या वॉर्टनला बावीस वर्षं आधी तिथेच जागा मिळाली होती.

यात एक गंमत आहे. मिफ्लिनने १७९३ आणि १७९६ च्या निवडणुकांत ज्याला हरवलं तो फ्रेडरिक म्यूलनबर्ग, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती. आणि मिफ्लिन गेला तेव्हा ट्रिनिटीचा पाळक होता फ्रेडरिकचा सख्खा भाऊ, हाइनरिख एर्न्स्ट म्यूलनबर्ग. हा पाळक मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. गवताच्या एका प्रजातीसमूहाला आणि दलदलीतल्या एका छोट्या कासवाला त्याचं नाव आहे. पाटीवर त्याचा उल्लेख नाही, याची मला मिफ्लिनपेक्षा जास्त हळहळ वाटते.

११. तो वॉशिंग्टनच्या विरोधात कटात होता, रसदीत घोटाळा केला, असं वाचलं. मग त्याचा सन्मान कशाला?

दोन आरोप आहेत, दोन्ही वेगळे ठेवून पाहायला हवेत.

रसदीचा आरोप: मिफ्लिन ऑगस्ट १७७५ मध्ये रसदप्रमुख झाला. व्यापारी असल्याने सुरुवातीला काम चांगलं केलं, पण त्याला हवी होती लढाईतली फळी. पुढे त्याचं लक्ष उडालं आणि १७७७ च्या शरदात प्रकृतीचं कारण सांगून त्याने राजीनामा दिला. त्यानंतर आला सैन्याच्या व्हॅली फोर्जच्या छावणीतला हिवाळा. गाड्या नाहीत, कपडे नाहीत, सुमारे २,००० माणसं मुख्यतः रोगराईने मेली. मार्च १७७८ मध्ये नथॅनिएल ग्रीनने खातं हाती घेतलं तेव्हा घडी बसू लागली. मिफ्लिनने पैसे खाल्ले हा आरोप सिद्ध झाला नाही. खातं वाऱ्यावर सोडलं हा ठपका मात्र पुसता येत नाही.

कटाचा आरोप: त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या जागी होरेशियो गेट्सला सेनापती करावं अशी कुजबुज काही अधिकाऱ्यांत आणि काँग्रेस सदस्यांत चालली होती. ती ‘कॉनवे कबाल’ या नावाने ओळखली जाते. मिफ्लिनचं नाव त्यात घेतलं गेलं. हा शिस्तशीर कट होता की नाराजांच्या गप्पा, यावर आजही वाद आहे.

आणि मग २३ डिसेंबर १७८३. युद्ध संपलं, वॉशिंग्टन अ‍ॅनापोलिसला काँग्रेससमोर आला आणि सेनापतिपदाचा अधिकारपत्र परत दिला. तो स्वीकारणारा अध्यक्ष होता मिफ्लिन. ज्याच्यावर वॉशिंग्टनला हटवू पाहिल्याचा आरोप, त्याच्याच हाती वॉशिंग्टनने तलवारीची सत्ता सुपूर्द केली. पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारी १७८४ ला, इंग्लंडशी झालेल्या पॅरिसच्या तहाला काँग्रेसने मान्यता दिली, तीही मिफ्लिनच्या अध्यक्षतेखाली.

सन्मानाबद्दल म्हणाल तर लँकेस्टरच्या पाटीवर त्याची स्तुती करणारा एक शब्दही नाही.

१२. गव्हर्नर म्हणून त्याने केलं काय?

पहिली निवडणूक त्याने दर दहा मतांमागे नऊ मतं घेऊन जिंकली. समोर आर्थर सेंट क्लेअर होता. १७९२ मध्ये राज्याने केंद्र सरकारकडून ईरी सरोवराकाठचा त्रिकोणी पट्टा विकत घेतला. आज पेनसिल्व्हेनियाला ईरी शहर आणि सरोवराचं बंदर आहे ते त्यामुळे. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाने सुमारे ५,००० लोक गेले.

मोठी परीक्षा १७९४ ची. केंद्राने व्हिस्कीवर कर बसवला होता. पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी धान्याची दारू गाळून विकायचे, कारण डोंगर ओलांडून धान्य नेणं परवडत नसे. त्यांनी कर वसूल करणाऱ्यांवर हल्ले केले. वॉशिंग्टनला फौज हवी होती. मिफ्लिनचं म्हणणं पडलं की आधी न्यायालयांना काम करू द्या. हे मतदारांना जपणंही होतं, पण राज्याच्या अधिकाराचा खरा मुद्दाही त्यात होता. शेवटी वॉशिंग्टनने चार राज्यांची मिळून सुमारे १३,००० ची फौज बोलावली, तेव्हा मिफ्लिन गावोगाव भाषणं करत माणसं गोळा करायला फिरला आणि पेनसिल्व्हेनियाच्या तुकड्यांबरोबर गेला. लढाई अशी झालीच नाही. बंड फौज पोहोचण्याआधीच विरलं.

१३. पाटीवरचा १७६२ चा तह कोणता?

ऑगस्ट १७६२ मध्ये वसाहतीचं सरकार आणि डेलावेअर, इरोक्वॉय संघ वगैरे मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी लँकेस्टरला जमले. जमिनींच्या जुन्या तक्रारी आणि युद्धात धरलेले कैदी परत करणं हे विषय होते. मिफ्लिनचा त्याच्याशी संबंध नाही. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

१४. मिफ्लिन काउंटी, मिफ्लिनटाउन, फोर्ट मिफ्लिन: सगळी याचीच नावं का?

हो. पण एक मेख आहे: मिफ्लिनटाउन मिफ्लिन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) नाही. काउंटी १७८९ ची, तिचं मुख्य गाव लुईसटाउन. १८३१ मध्ये तिच्यातून जुनियाटा काउंटी वेगळी झाली आणि मिफ्लिनटाउन तिकडे गेलं. नकाशावर शोधताना फसू नका.

फोर्ट मिफ्लिन फिलाडेल्फिया विमानतळाला लागून, डेलावेअर नदीकाठी आहे. नोव्हेंबर १७७७ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने त्याच्यावर तुफान तोफा डागल्या होत्या. मिफ्लिन स्वतः त्या वेढ्यात लढला नव्हता.

१५. त्याचा चेहरा कुठे पाहायला मिळेल?

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जॉन सिंगलटन कॉप्लीने १७७३ मध्ये काढलेलं जोडप्याचं चित्र आहे. सारा छोट्या मागावर झालर विणते आहे आणि मिफ्लिन पुस्तकात बोट घालून तिच्याकडे पाहतो आहे. इंग्लंडचा माल नको, घरचं विणू, हा तेव्हाचा राजकीय इशारा त्यात वाचला जातो. चित्रातही बाई पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देते आणि नवरा बाजूला बसतो, हे मला फार आवडतं. दुसरं चित्र वॉशिंग्टनमधल्या संसदभवनाच्या घुमटाखाली: जॉन ट्रंबुलने रंगवलेला अ‍ॅनापोलिसचा प्रसंग (प्रश्न ११).

१६. जाणारच आहोत तर आणखी काय पाहावं?

सेंट्रल मार्केट, १८८९ ची इमारत. मंगळवार, शुक्रवार, शनिवार उघडं असतं, रविवारी जाऊन परत येऊ नका. अध्यक्ष जेम्स ब्यूकॅननचं व्हीटलंड हे घर. आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक थॅडियस स्टीव्हन्सची कबर: सर्व वर्णांच्या लोकांना पुरू देणारी दफनभूमी त्याने मुद्दाम निवडली होती. गाडी नसेल तर फिलाडेल्फियाहून अ‍ॅमट्रॅकची हॅरिसबर्गकडे जाणारी रेल्वे लँकेस्टरला थांबते.

१७. आनंदीबाई जोशींसारख्या आपल्या माणसासाठी अशी पाटी सुचवता येते का?

सुचवता येते. प्रस्ताव कोणीही पाठवू शकतं, त्यासाठी इतिहासकार असावं लागत नाही. अट एवढी की व्यक्तीचं किंवा घटनेचं महत्त्व गावापुरतं न राहता राज्याच्या किंवा देशाच्या पातळीवर दाखवता आलं पाहिजे, आणि त्याला त्या काळच्या कागदपत्रांचा आधार हवा. तज्ज्ञांचं मंडळ प्रस्ताव तपासतं, मंजुरी आयोग देतो. मजकुरावर शेवटचा हात आयोगाचाच असतो, त्यामुळे विशेषणांची रास लावून पाठवू नका. ती कापली जाईल. पाटीच्या खर्चाचा भार प्रस्ताव देणाऱ्यांना उचलावा लागतो, म्हणून एकट्यापेक्षा मंडळाने किंवा संस्थेने पुढे यावं.

आनंदीबाईंनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून वैद्यकीय पदवी घेतली, म्हणजे पेनसिल्व्हेनियाशी नातं दाखवायला कष्ट पडत नाहीत. त्यांच्या अस्थी मात्र न्यूयॉर्क राज्यात, पकिप्सीला आहेत. तिथल्या जागेसाठी पेनसिल्व्हेनियाचा आयोग काही करू शकत नाही.